कोपर वाकवायचा उन्हाळा

परवा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बाहेरून ओली झालेली दिसली आणि मी मनात म्हटलं, आला ऑगस्ट. सौदीतल्या अल-खोबरला पाऊस नसतो, पण ऑगस्टात हवाच ओली होते. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस मिनिटभर आंधळा होऊन जागच्या जागी उभा राहतो. आम्ही राहतो त्या वसाहतीच्या कंपाऊंडमधल्या खजुरांचे घोस पिवळे पडून जाळ्यांत बांधलेले असतात. निम्मे शेजारी सुट्टीवर गेलेले असतात आणि गेटवरचा पहारेकरी सोडला तर बाहेर चिटपाखरू दिसत नाही. असा ओला, रिकामा ऑगस्ट आला की इतरांना काय आठवतं मला माहीत नाही. मला माणसांची कोपरं आठवतात.

यात काव्य वगैरे काही नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरजेला शिकले आणि लग्नानंतर इथे येऊन एका खासगी हॉस्पिटलात लोकांचे खांदे, गुडघे, मणके सरळ करत बसले. फक्त एका उन्हाळ्यात मला उलटं काम मिळालं. तीस-तीस वर्षं निष्ठेने सरळ ठेवलेली कोपरं वाकवून द्यायची होती. एवढं अवघड काम मला त्याआधी आणि त्यानंतर कुणी दिलेलं नाही.

ती सौदीकरणाची वर्षं होती. कुठल्या कंपनीत सौदी किती आणि बाहेरचे किती, हे मोजून सरकार कंपन्यांना रंग देत असे, हिरवा, पिवळा, लाल. त्यामुळे हळदीकुंकवालासुद्धा बायका एकमेकींना "तुमच्या ह्यांची कंपनी कुठल्या रंगात?" असं विचारायच्या, जणू बाळाचं वजन विचारताहेत. दर गुरुवारी कुणाचा तरी निरोप समारंभ. तीच बिर्याणी, तेच भिंतीवरचं घड्याळ भेट, तीच भाषणं. आमच्या घरातला सोफा एका ब्रिटिश जोडप्याचा होता, जेवणाचं टेबल एका फिलिपिनो नर्सचं, आमच्या लेकीचं, इराचं कपाट एका हैदराबादी कुटुंबाचं. घरातलं सगळं फर्निचर कुणाच्या ना कुणाच्या फायनल एक्झिटमधून, म्हणजे कायमचा देश सोडण्यातून आलेलं. सौदींच्या पोरांना कामं हवी होती, यात त्यांचं काय चुकलं, असं मी सगळ्यांना समजावत असे. आमच्या ह्यांच्या खात्यात काढायच्या माणसांची यादी निघाली त्या आठवड्यात मात्र मी कुणालाच काही समजावलं नाही. यादीत मकरंदचं नाव नव्हतं. त्या रात्री आम्ही बाहेरून जेवण मागवलं.

तर बेसबॉल. आमच्या कंपाऊंडमागे बेसबॉलचं एक मैदान होतं, फार पूर्वी अमेरिकन लोकांनी बांधलेलं. पूर्वी तिथे सहा टीम खेळायच्या. एकेक अमेरिकन घरी जात गेला तशा टीम आटत आटत तीनवर आल्या. चौथी टीम नसेल तर यंदा स्पर्धा होणार नाही आणि मैदानावर गाड्या लावायची सोय करू, असं व्यवस्थापनाने कळवलं. तेव्हा वॉल्टर आमच्या दारात आला. वॉल्टर म्हणजे साठीच्या घरातला, लाल मानेचा, कमी बोलणारा अमेरिकन माणूस. तो त्या स्पर्धेचा व्यवस्थापक होता, एका टीमचा मालक होता आणि अंपायरही तोच. तो म्हणाला, "तुम्ही लोक क्रिकेट खेळता. एक टीम द्या."

मकरंदने एका सेकंदात होकार दिला. मला न विचारता दिलेले त्याचे सगळे होकार एका सेकंदातलेच असतात.

टीम दोन दिवसांत झाली, नाव सह्याद्री. बॅटिंगला बारा जण तयार होते, कारण मराठी माणसाला बॅटिंग येत नाही असं एकही मराठी माणूस मानत नाही. अडलं ते बोलिंगवर. बेसबॉलमध्ये बोलरला पिचर म्हणतात. एकाच माणसाचा खांदा सगळा मोसम टिकत नाही म्हणून टीमला तीन-चार पिचर लागतात आणि ते उन्हाळ्यात, मोसम बंद असताना तयार करून ठेवायचे असतात. हे सगळं आम्हाला सांगितलं आमच्या इराने. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि शेजारच्या अमेरिकन मैत्रिणींमुळे तिला खेळ पाठ होता. ती बापाला म्हणाली, "बाबा, first of all, you have to bend the elbow." मकरंदचा चेहरा एकदम गंभीर झाला. मुलीने घरात काहीतरी भलतंच आणलंय, असा तो चेहरा होता.

ज्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे बोलिंग करताना कोपर वाकवणं हा गुन्हा आहे. त्याला फेकी गोलंदाजी म्हणतात. अंपायर नो-बॉल देतो, समोरची टीम ओरडते आणि त्या पोराला गाव पुढे कित्येक वर्षं विसरू देत नाही. बेसबॉलमध्ये कोपर वाकवून फेकायचंच असतं. न वाकवता फेकलं तर चेंडू पोचतच नाही. आता चाळिशीला आलेल्या, पोटं सुटलेल्या, पण लहानपणी मैदानावर सरळ हाताची शपथ वाहिलेल्या माणसांना हे पटवायचं होतं. फिजिओ म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

त्या वर्षी हॉस्पिटलात मला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मी आणि इरा उन्हाळाभर खोबरलाच होतो. बाहेर उन्हात उभं राहणं शक्य नाही, म्हणून सराव तळघरातल्या पार्किंगमध्ये. भिंतीला एक जुनी गादी टेकवली. इराने तिच्यावर मार्करने चौकोन काढला आणि शाळेची टेप लावून अठरा मीटर आणि वर थोडं असं अंतर मोजलं. चौकोनात चेंडू लागला पाहिजे, तोही मध्ये टप्पा न पडता. आमचे पहिले दोन पिचर होते नलावडे आणि डॉक्टर पाठक.

नलावडे कराडचे, क्रेन तपासणारे इंजिनिअर, कॉलेजात फास्ट बोलर. त्यांना वीस पावलं धावत आल्याशिवाय चेंडू सोडताच येत नसे. बेसबॉलमध्ये जागेवरून हलायचं नसतं. "उभ्या उभ्या कसं काय टाकायचं हो वहिनी? अंगात वारं भरायला नको का?" असं म्हणत ते उताराच्या पलीकडे जाऊन धावायला सुरुवात करायचे आणि आम्हाला आधी नुसते पायांचे आवाज यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका पांढऱ्या गाडीचा आरसा तोडला. ती गाडी त्यांचीच निघाली, म्हणून प्रकरण वाढलं नाही.

डॉक्टर पाठक नागपूरचे, माझ्याच हॉस्पिटलात भूल देणारे, अतिशय सज्जन. ते ऑफस्पिनर. त्यांचा चेंडू गादीच्या हातभर अलीकडे टप्पा घेऊन मग अगदी आज्ञाधारकपणे वळायचा. टप्पा नको म्हटलं की ते कळवळून सांगायचे, "फुलटॉस टाकायला हात धजत नाही. शाळेत एक फुलटॉस गेला तर कॅप्टन आठवडाभर बोलायचा नाही." कोपराचं तर विचारूच नका. मी त्यांचं कोपर धरून वाकवायचे, खांदा मागे न्यायचे, सगळं नीट जमायचं आणि चेंडू सोडायच्या क्षणी हात पुन्हा कसा सरळ व्हायचा ते त्यांनाही कळायचं नाही. एकदा घाम पुसत म्हणाले, "वहिनी, चोरी केल्यासारखं वाटतं हो."

शेवटी मी शास्त्र बाजूला ठेवलं. इराकडून गादीवरच्या चौकोनात एक कैरी काढून घेतली आणि म्हटलं, दगड मारून पाडा. लहानपणी कैरीला दगड मारताना कुणाचा हात सरळ असतो? नलावड्यांना ते लगेच कळलं. पाठक म्हणाले, आमच्याकडे संत्र्यांना दगड मारत नाहीत. तरी थोडी प्रगती झाली. दहातले दोन चेंडू गादीला लागू लागले आणि उरलेले आठ पार्किंगमधून शोधून आणायचे. गाड्यांखाली वाकून वाकून मकरंदची कंबर धरली. तिच्यावर उपचार मीच केले.

रफीक मला याच दिवसांत सापडला, आणि सापडला हाच शब्द बरोबर आहे. इराच्या फोनची काच फुटली होती म्हणून मी मोबाईलच्या दुकानात गेले होते. संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजासाठी शटर अर्धं ओढायची घाई चालली होती. काउंटरवरच्या सडपातळ, मिशीवाल्या माणसाने बोलता बोलता एक रिकामी डबी उचलली आणि तीन गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून, पलीकडच्या भिंतीवर छताला लागलेल्या खोक्यात टाकली. बघितलंसुद्धा नाही. मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही खोक्यात. लोक अशा वेळी डबी बघतात. मी त्याचा खांदा बघितला. एवढा मोकळा, तेल घातल्यासारखा फिरणारा खांदा मी माझ्या सगळ्या पेशंटांत मिळून पाहिला नव्हता.

"कुठले तुम्ही?" मी मराठीत विचारलं.

तो दचकला आणि मग हसला. "रत्नागिरीचो. खाडीच्या कडेला गाव आमचा. तुम्ही मराठी काय वयनी?"

मी तिथल्या तिथे त्याला पिचर म्हणून यायचं आमंत्रण दिलं. त्याचं हसू गेलं. "काय पण सांगा वयनी, काच बदलून देतो, नवा कवर घालून देतो. चेंडू मी टाकत नाय."

का, ते त्याने आठवड्याने सांगितलं, मी तिसऱ्यांदा दुकानात गेल्यावर. तोवर इराच्या फोनला तीन कव्हरं झाली होती. रफीक अठरा वर्षांचा असताना त्याच्या गावाची पलीकडच्या गावाशी क्रिकेटची फायनल होती. अंपायर तिसऱ्या गावाहून यायचा, पण त्याची खाडीवरची होडी चुकली. मग दोन्ही गावांनी मिळून रफीकच्या अब्बांना उभं केलं, कारण ते हेडमास्तर होते आणि त्यांच्या सरळपणाबद्दल समोरच्या गावालाही शंका नव्हती. शेवटची ओव्हर रफीकची. अब्बांनी त्याचा हात वाकतो म्हणून तीन वेळा नो-बॉल दिला. उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर, ताठ. गाव हरलं.

"मग?"

"मग काय. गावात माझा नाव फेक्या पडला. मी मुंबई गेलो, इथे आलो. पुन्हा बॉल धरला नाय."

"आणि अब्बा काय म्हणाले?"

"काय नाय बोलले. तवापासून त्यावर आमचा बोलणाच नाय. दर जुम्म्याला फोन करतो. तब्येत कशी हाय, कौलं शाकारली काय, येवढाच."

इरा माझ्याबरोबर होती. ती काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "Uncle, but baseball में तो throw ही करना होता है. Elbow bend नहीं किया तो you can't even play."

रफीकने हातातलं कव्हर खाली ठेवलं. मग त्याने मला विचारलं, "अंपायर उभा असला तरी?"

"अंपायर उभा असला तरी."

"आणि तो काय बोलत नाय?"

काही बोलत नाही, म्हटलं. तो शटरकडे गेला, परत आला आणि म्हणाला, "येकदा अंपायरच्या समोर टाकून बघायचा हाय वयनी. बस, येकदा." त्या क्षणापासून आमच्या टीमचं जे काय व्हायचं ते होवो, या माणसाला एकदा अंपायरसमोर चेंडू टाकायला मिळाला पाहिजे, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं. मी तशी फार चांगली बाई नाही. पण एखादा सांधा निष्कारण अडकून पडलेला मला बघवत नाही.

पहिल्या दिवशी त्याने पार्किंगमध्ये चेंडू हातात घेतला, सवयीने आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं आणि टाकला. गादी भिंतीवरून खाली पडली. नलावडे टाळ्या वाजवायचे विसरले. दुसरा चेंडू कैरीच्या देठाला लागला, तिसरा मध्यावर आणि चौथा वाटेत असा काही वळला की बाजूला उभ्या असलेल्या मकरंदनेही डोळे मिटून घेतले. पाठक हळूच म्हणाले, "वहिनी, हा माणूस वीस वर्षं कव्हरं विकत होता?" त्यानंतर कोपर शिकवायचं काम रफीकने माझ्या हातून काढून घेतलं. तो सांगायचा, "डॉक्टर, लाजू नका. इथे बघणारा कोण नाय." हे त्याने सांगितल्यावर पाठकांचं कोपर पहिल्यांदा वाकलं. चार वर्षं शिकून मला जे साधलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात केलं, आणि त्याचा मला थोडा रागही आला.

ते तीन आठवडे मला आजही लख्ख आठवतात. तळघरातला रबराचा आणि पेट्रोलचा वास, थर्मासमधला गोड काळा चहा, भिंतीवर चेंडू आपटल्याचा घुमणारा आवाज, आणि वर चढून दार उघडलं की चष्म्यावर बसणारी वाफ. आमच्याकडे तीन पिचर झाले होते. इरा त्यांना मोठ्या रुबाबात पिचिंग स्टाफ म्हणायची.

आणि मग मोबाईलच्या दुकानांचा नियम रफीकपर्यंत येऊन पोचला. दुकानात फक्त सौदी माणसंच काम करतील. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर रफीकचा व्हिसा होता त्या सौदी मालकाने, दुकान पुतण्याकडे दिलं आणि रफीकला फायनल एक्झिट लावला. एक्झिट लागला की साठ दिवसांत देश सोडायचा. साठ दिवस संपल्यावर सहा दिवसांनी आमच्या मोसमाची पहिली मॅच होती.

मकरंदने तेव्हा जी धावपळ केली ती त्याने स्वतःच्या नोकरीसाठीही केली नसती. दुसरा कफील बघायचा, एक्झिट रद्द करायचा, बदली करून घ्यायची. पण रफीकचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात घेतल्यावर कळलं की त्याच्यावर त्याचा पेशा लिहिला आहे, न्हावी. यात नवल काही नव्हतं. ज्या व्हिसावर जागा मिळेल त्यावर माणसं येत. नलावडे स्वतः पहिली चार वर्षं कागदावर प्लंबर होते. पण न्हाव्याची बदली सलूनमध्येच होणार. मकरंदने एक मलबारी सलूनवाला गाठला. तो भला माणूस होता. म्हणाला, घेतो, माझा कोटा हिरवा आहे, पण आधी एक तरी डोकं करून दाखवू दे.

डोकं पाठकांनी दिलं. स्वतःहून. पिचिंग स्टाफसाठी एवढं केलंच पाहिजे, म्हणाले, आणि डोळे मिटून खुर्चीत बसले. रफीकचा हात चेंडूला जितका चालतो तितका कात्रीला चालत नाही, हे तिथे सिद्ध झालं. डाव्या कानाच्या वर एक रुंद रस्ता तयार झाला, तो नीट करायला उजवीकडे दुसरा करावा लागला आणि मग दोन्ही रस्ते टाळूवर येऊन मिळाले. मलबारी मालकाने मान खाली घालून "सॉरी भाई" म्हटलं. पाठक पुढचे तीन आठवडे ऑपरेशन थिएटरची टोपी घालून हिंडले. भूल देणारा डॉक्टर असल्यामुळे कुणाला संशय आला नाही, फक्त मुलाच्या शाळेतल्या बाईंनी चौकशी केली.

रफीक त्या दिवशी परतताना गाडीत म्हणाला, "जाऊ दे साहेब. गादीला तर मारून झाला ना." मागच्या सीटवर बसून मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मला रडू येत होतं आणि समोर पाठकांचं डोकं असल्यामुळे हसूही येत होतं. अशा वेळी काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वॉल्टरकडे मी स्वतः गेले. म्हटलं, मोसमाचं उद्घाटन आठवडाभर अलीकडे घ्या. तो म्हणाला, सप्टेंबरात इथे बेसबॉल खेळत नाहीत, माणसं मरतात. मी त्याला सगळं सांगितलं, खाडी, फायनल, अब्बा, कोपर. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की डिसेंबरात तोही जातोय. त्याच्या जागेवर येणाऱ्या सौदी फहदला तो वर्षभर शिकवतोय, पोरगा हुशार आहे.  दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "शुक्रवारी, पहाटे साडेपाच. उद्घाटन नाही, सरावाची मॅच. अंपायर मी. पाणी भरपूर आणा."

शुक्रवारी पहाटे फजरचा नमाज पढून रफीक मैदानावर आला. त्याच दिवशी संध्याकाळी त्याचं विमान होतं आणि बॅगा नलावड्यांच्या गाडीत दोरीने बांधून ठेवलेल्या होत्या. आकाश फिकट झालं होतं आणि गवत ओलं होतं. समोर बॅट घेऊन पहिला उभा राहिला तो फहद, वॉल्टरचा शिष्य. तो अमेरिकेत शिकून आलेला, उंच आणि फार अदबशीर पोरगा. त्याने छातीवर हात ठेवून रफीकला सलाम केला आणि म्हणाला, "यल्ला, अखूया." म्हणजे, चल, भावा. त्याच्या मागे तोंडाला जाळी लावलेला वॉल्टर. मी आणि इरा कुंपणाला नाक लावून उभ्या. मला वाटलं रफीक हात सरळ टाकेल. इतक्या वर्षांची भीती ऐन वेळी कोपरात येऊन बसते, हे मी पेशंटांत रोज बघते.

त्याने वाकवला. चेंडू सुटला आणि फहदच्या बॅटखालून गेला. फहद बॅट फिरवायचंही विसरला.

वॉल्टर घशातल्या घशात काहीतरी गुरगुरला आणि त्याने उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढला. ताठ.

रफीकने त्या हाताकडे पाहिलं.  त्याने हातातला ग्लोव्ह काढला, खाली वाकून गवतावर नीट ठेवला आणि तो मैदानाबाहेर, नलावड्यांच्या गाडीच्या दिशेने चालू लागला. सावकाश. अमेरिकन लोकांना काही कळेना. फहद बॅट टेकून उभा. आमचंही कुणी त्याला अडवायला गेलं नाही, कारण आमच्या बाराही जणांच्या अंगात तोच खेळ मुरलेला होता. त्या सगळ्यांनाही अंपायरने नो-बॉल दिलेला दिसला होता. नलावडे तर पुटपुटले, "आयला, इथे पण?"

चूक माझी होती. अख्खा उन्हाळा आम्ही गादीवर चेंडू मारले, पण गादी काही खुणा करत नाही. बेसबॉलचा अंपायर शाबासकी कशी देतो हे त्याला दाखवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

इरा कुंपणाच्या फटीतून आत घुसली आणि धावत सुटली. "रफीक काका, वो strike है! Good ball! हात ऐसे किया मतलब अच्छा है!" तिच्यामागे मी, माझ्यामागे कंबर धरून मकरंद. रफीक थांबला. त्याचा विश्वास बसेना. शेवटी वॉल्टरने जाळी वर केली, चालत आला आणि त्याच्यासमोर उभं राहून पुन्हा हात बाहेर काढला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला. दोन्ही हात एकदम. त्या लाल मानेच्या माणसाने तो विचित्र पवित्रा रफीक हसेपर्यंत सोडला नाही.

मग रफीक परत गेला आणि त्याने टाकलं. प्रत्येक वेळी हात बाहेर आला की त्याचे खांदे दचकायचे आणि मग लगेच सैल पडायचे. फहद तीन चेंडूंत आऊट झाला आणि जाता जाता टाळ्या वाजवून गेला. आम्ही हरलो, हे सांगायलाच हवं. रफीकनंतर नलावडे आले आणि बॅट टाकून पळायचं असताना आमच्या प्रत्येक बॅट्समनने ती हातात घेऊनच पळायचा हट्ट धरला, एकाने तर ती क्रीजवर टेकवावी तशी बेसवर टेकवलीसुद्धा. सात वाजता उकाड्याने सगळे आडवे झाले.

सावलीत बसून पाणी पिताना रफीकने घरी व्हिडिओ कॉल लावला, त्या आठवड्यात जे ॲप सरकारने बंद केलेलं नव्हतं त्याच्यावरून. पडद्यावर एक म्हातारा चेहरा आला, जाड चष्मा, पांढरी टोपी, मागे चिऱ्याची भिंत. रफीक म्हणाला, "अब्बा, आज मी बॉल टाकला. अंपायरसमोर."  आम्ही सगळे बाटल्या हातात धरून फोनभोवती सरकलो. मग त्याने फोन वॉल्टरकडे वळवला आणि इराने वॉल्टरला सांगितलं, ती खूण करून दाखवा. वॉल्टरने जाळी लावली, ताठ उभा राहिला आणि उजवा हात बाहेर काढला.

म्हाताऱ्याने फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा आवाज आला, मास्तरांचा, स्पष्ट. "बघ. गोराही तेच सांगतोय. वाकतच होता हात तुझा."

मकरंदने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला, पण मलाही राहवत नव्हतं. आता रफीक सांगेल, ही खूण वेगळी आहे, हिचा अर्थ उलटा आहे, म्हणून मी वाट पाहत होते.

"हां अब्बा," रफीक म्हणाला. "तुमचा बरोबर होता."

पलीकडे म्हाताऱ्याने चष्मा काढला. टोपीच्या कडेने डोळे पुसले. "कवा येतोस?" त्यांनी विचारलं. "रातच्याला मुंबई, सकाळी गावात," रफीक म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी चिडलेच. म्हटलं, "अरे, सांगितलं का नाहीस? तू जिंकलास ना आज."

तो ग्लोव्ह झटकत होता, परत द्यायला. "वयनी, मना फेक्या बोलले, पण मी तिकडून सुटलो. ते तिथेच राहिले. गाव हरला तो त्यांच्यामुळे, असा येवढी वर्षं लोक बोलतात. त्यांचा बरोबर होता असा त्यांना येक माणूस बोलला नाय." त्याने ग्लोव्ह इराच्या हातात दिला. "माझा आज झाला. त्यांचा राहिला होता."